आधी मोजायला शिका: पर्यावरण आणि आरोग्याच्या संशोधनातलं पहिलं वर्ष

एमएस्सी किंवा एमपीएच (सार्वजनिक आरोग्यातली पदव्युत्तर पदवी) करून पहिल्यांदा प्रकल्पावर रुजू झालेली मुलंमुली माझ्याकडे येतात, तेव्हा जवळजवळ सगळ्यांच्या लॅपटॉपवर 'आर' हे संख्याशास्त्राचं सॉफ्टवेअर असतं आणि जवळजवळ कुणीच हवेचे नमुने घेणारा पंप हातात धरलेला नसतो. यात त्यांचा दोष नाही. कॉलेजात कॉम्प्युटर असतात, पंप कपाटात कुलपात असतात.

आपल्या कामाला दोन बाजू आहेत. माणसाला प्रदूषण किती लागलं, ही एक. याला आम्ही सर्रास 'एक्सपोजर' म्हणतो, मराठी शब्द अजून कुणाच्या तोंडी बसलेला नाही. आणि त्यामुळे त्याच्या तब्येतीचं काय झालं, ही दुसरी. दुसऱ्या बाजूला डॉक्टर आहेत, दवाखाने आहेत, तपासण्यांच्या ठरलेल्या रीती आहेत. पहिली बाजू मात्र दर वेळी आपली आपणच उभी करावी लागते आणि बहुतेक अभ्यास तिथेच लंगडे पडतात. म्हणून पहिल्या वर्षात एकच प्रदूषक, एकच उपकरण आणि एकच गाव नीट शिका. खाली उदाहरण चुलीच्या धुराचं घेतलंय, कारण माझी जास्त वर्षं त्यात गेली. तुमचा विषय फवारणी, पाण्यातलं फ्लोराइड किंवा उन्हाळा असला तरी पायऱ्या याच.

पायरी १: प्रश्न एका वाक्यात बसवा

'वायुप्रदूषणाचा ग्रामीण महिलांच्या आरोग्यावर होणारा परिणाम' हे परिसंवादाचं शीर्षक झालं. त्यातून उद्या सकाळी नक्की काय करायचं ते कळत नाही. 'चुलीवर रांधणाऱ्या गरोदर बाईला गॅस दिला तर बाळाचं जन्मवजन वाढतं का?' हा प्रश्न आहे. कोणाला, कशाऐवजी काय, आणि बघायचं काय, सगळं त्यात आलं.

हा प्रश्न मी बनवलेला नाही. तमिळनाडू, ग्वाटेमाला, पेरू आणि रवांडा इथे मिळून ३२०० गरोदर स्त्रियांवर झालेल्या 'हॅपिन' नावाच्या चाचणीने तो विचारला. निम्म्या घरांना शेगडी आणि सिलिंडर फुकट दिले, निम्म्या घरांत चूल तशीच राहिली. निकाल २०२२ साली आला. गॅसवाल्या गटात बाईच्या अंगावर लावलेल्या उपकरणाने मोजलेलं पीएम २.५ चं (अडीच मायक्रोमीटर किंवा त्याहून बारीक कणांचं) सरासरी प्रमाण घनमीटरमागे ३५ मायक्रोग्रॅम होतं, चूलवाल्या गटात १०३. बाळांचं सरासरी वजन २९२१ ग्रॅम आणि २८९८ ग्रॅम. फरक वीसेक ग्रॅमचा, म्हणजे संख्याशास्त्राच्या दृष्टीने नसल्यासारखाच.

हे सांगितलं की नवा माणूस हमखास विचारतो, "म्हणजे प्रयोग फसला?" मुळीच नाही. धूर खरोखर कमी झाला होता हे त्यांनी मोजलेलं होतं, म्हणून त्या 'नाही'ला वजन आहे. मोजलं नसतं, तर 'बायकांनी गुपचूप चूलच पेटवली असेल' म्हणून सगळे मोकळे झाले असते.

प्रश्न लिहिलात की घरातल्या कुणालातरी वाचून दाखवा. मी आत्याला वाचून दाखवतो. तिने "बरं, मग?" असं म्हटलं तर ठीक. "म्हणजे काय रे?" म्हणाली तर पुन्हा लिहितो.

पायरी २: उपकरणाआधी दोन दिवस चुलीपाशी बसा

हातात वही, बाकी काही नको. जळण काय आहे ते लिहा: विदर्भात पऱ्हाटी आणि तुराट्या, दुसरीकडे बाभळीची लाकडं, गोवऱ्या, पावसाळ्यात जे सुकं सापडेल ते. चूल आत आहे की पडवीत? वैलावर काय ठेवतात? कोण फुंकतं, कोण पाटी घेऊन शेजारी अभ्यासाला बसतं?

हे का, ते सांगतो. प्रश्नावलीत 'स्वयंपाकाला काय वापरता?' असं विचारलं की बाई म्हणते "गॅस". खोटं नसतं ते. पण सहा माणसांच्या आंघोळीचं पाणी लाकडावर तापतं, जनावरांसाठी काही शिजवायचं तेही लाकडावर, आणि भाकरी चुलीवरचीच लागते असा म्हाताऱ्यांचा हट्ट वेगळा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २१ मध्ये, देशातल्या ५८.६ टक्के घरांत स्वयंपाकाला स्वच्छ इंधन होतं. आकडा चांगला आहे, पण ती पाहणी मुख्य इंधन नोंदवते. उरलेला जाळ त्यात दिसत नाही. म्हणून आम्ही प्रश्न बदलला: "काल सकाळी उठल्यापासून कुठे कुठे जाळ केला?" उत्तरं एकदम लांबली.

पायरी ३: पंप, फिल्टर, तराजू

इथे वेळ घालवा. महिना गेला तरी चालेल.

तत्त्व साधं आहे. छोटा पंप हवा ओढतो, वाटेत सायक्लोन नावाचा भाग मोठे कण बाजूला टाकतो, आणि बारीक कण टेफ्लॉनच्या चकतीवर, म्हणजे फिल्टरवर, बसतात. चकतीचं आधीचं वजन आणि नंतरचं वजन यांतला फरक, भागिले ओढलेली हवा. संपलं. आता आकडे घाला. पंप मिनिटाला दीड लिटर हवा ओढतो असं धरा. २४ तासांत २१६० लिटर, म्हणजे २.१६ घनमीटर. हवेत घनमीटरमागे १०० मायक्रोग्रॅम कण असतील, तर चकतीवर जमतील २१६ मायक्रोग्रॅम. हे साधारण मिठाच्या तीन-चार कणांइतकं झालं. एवढ्यासाठी तुम्ही गावात दोन दिवस घालवलेत. चकतीला बोट लागलं, तिने दमट हवा शोषली, किंवा स्थिर विजेने ती तराजूच्या भिंतीकडे ओढली गेली, तर तो आकडा सहज हलतो.

म्हणून या सवयी पहिल्या आठवड्यातच लावून घ्या:

चकती तोलण्याआधी निदान २४ तास तराजूच्या खोलीत मुरू द्या. तापमान २० ते २३ अंश, आर्द्रता ३० ते ४० टक्के. गावाला नेण्याआधीच्या तोलाला आणि परत आल्यानंतरच्या तोलाला, दोन्ही वेळा.

दर दहा चकत्यांमागे एक कोरी चकती गावाला फिरवून आणा. ती डबीत घाला, पिशवीत ठेवा, घरी न्या, पण पंपाला जोडू नका. परत आल्यावर तिचं वजन वाढलेलं दिसलं, तर तेवढी घाण तुमच्या हाताळणीची आहे. अशा कोऱ्या चकत्यांच्या वजनात जो चढउतार दिसतो, त्याच्या प्रमाण विचलनाची (स्टँडर्ड डेव्हिएशनची) तिप्पट म्हणजे तुमची मोजण्याची खालची हद्द. त्याखालचं काहीही 'सापडलं' असं म्हणायचं नाही.

हवेचा वेग सुरू करताना मोजा आणि बंद करतानाही मोजा. दोन्हींत दहा टक्क्यांहून जास्त फरक आला तर तो नमुना बाद. मी पहिल्या वर्षी फक्त सुरुवातीचा वेग मोजत होतो. एका हंगामात लक्षात आलं की नळी कंबरेच्या पिशवीपाशी दुमडते आणि पंप अर्ध्या ताकदीने ओढत राहतो. तोवर ४१ चकत्या जमल्या होत्या. त्यांतल्या कुठल्या खऱ्या आणि कुठल्या दुमडलेल्या, हे सांगायला काहीच मार्ग नव्हता. सगळ्या फेकल्या.

सायक्लोन उलटा करू नका. खालच्या वाटीत साठलेले मोठे कण थेट चकतीवर येतात आणि वजन भलतंच भरतं. मोटारसायकलच्या डिकीत पंप आडवा टाकून आणणाऱ्या प्रत्येकाने हे एकदा केलेलं असतं.

उपकरणाचं घड्याळ बघा. कित्येक यंत्रं ग्रीनिचच्या वेळेवर येतात. एका मुलीने मला मोठ्या उत्साहाने आलेख दाखवला: गावात रात्री दीड वाजता धुराचा डोंगर. रात्री काय जाळतात यावर आम्ही अर्धा तास चर्चा केली. तो सकाळी सातचा चहा होता, साडेपाच तास मागे सरकलेला.

आता पंप अंगावर राहतो का, हा वेगळाच प्रश्न. तो घुरघुरतो, जड असतो, आणि शेजारणी हसतात. बाई तो खुंटीला लावून धुण्याला जाते. त्यात हालचाल नोंदवणारा सेन्सर असेल तर तुम्हाला कळतं. नसेल तर खुंटीचं एक्सपोजर तुम्ही बाईच्या नावावर लावता. रागावू नका. "कुठल्या वेळी नको वाटतं?" असं विचारा, झोपताना उशाशी ठेवायची मुभा द्या, आणि काढून ठेवलेली वेळ लिहून घ्या. पंप न घालणं हीसुद्धा माहितीच असते.

स्वस्त सेन्सरबद्दल दोन शब्द. ते कण तोलत नाहीत, कणांवरून विखुरणारा प्रकाश मोजतात. हवा दमट झाली की कण पाणी पिऊन फुगतात आणि सेन्सरला धूर वाढल्यासारखा दिसतो. कोकणात जुलैमध्ये असे सेन्सर लावून 'प्रदूषण वाढलं' म्हणणं धाडसाचं आहे. ते वापरा, जरूर वापरा, पण प्रत्येक ऋतूत निदान दोन आठवडे चकतीच्या पंपाशेजारी ठेवून दोघांचा हिशेब जुळवून घ्या. हवा मोजणाऱ्या सरकारी केंद्राच्या आकड्यांचंही तसंच. ते शहराची हवा सांगतं, चुलीसमोरच्या बाईची नाही.

तुलनेसाठी आकडे पाठ ठेवा, सगळे घनमीटरमागे मायक्रोग्रॅममध्ये. पीएम २.५ साठी आपलं २००९ चं राष्ट्रीय मानक २४ तासांसाठी ६० आणि वर्षासाठी ४० आहे. जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची शिफारस १५ आणि ५. कुठल्या मानकाशी तुलना केली ते न लिहिता 'मानकापेक्षा जास्त' असं लिहिणारा अहवाल मी परत पाठवतो.

पायरी ४: परवानगी आणि गाव

संस्थेच्या नैतिकता समितीची मंजुरी मिळेपर्यंत एकही नमुना घेऊ नका, 'चाचणीपुरता' म्हणूनसुद्धा. आयसीएमआरची, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं मुळातून वाचा. लांबलचक आहेत, पण वाचा. परदेशी सहकार्य असेल तर आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीकडेही प्रस्ताव जातो. त्याचा वेळ वेळापत्रकात आधीच धरा.

कागदावरची मंजुरी मिळाली म्हणजे गावाची मिळाली असं नाही. सरपंच आणि ग्रामसेवकांना भेटा, पण खरं दार आशाताई उघडतात. त्यांच्या वेळेचा मोबदला अंदाजपत्रकात धरा. त्यांना फुकट राबवून घेणारे प्रकल्प फार झाले. लगीनसराईत आणि सोयाबीन काढणीच्या दिवसांत जाऊ नका. गेलात तर घरी कुणी भेटणार नाही, आणि भेटलं तर ते नेहमीसारखं रांधत नसेल.

संमतीपत्र मराठीत असतं, पण बहुतेकदा ते इंग्रजीचं मराठीत केलेलं असतं आणि कुणाला कळत नाही. 'सूक्ष्म धूलिकण' ऐवजी 'धुरातली बारीक राख, डोळ्यांना न दिसणारी' असं सांगून बघा. लोक न विचारता ज्याची भीती बाळगतात, ते आपण होऊन सांगा: हे यंत्र बोलणं रेकॉर्ड करत नाही, याचा गॅसच्या सबसिडीशी किंवा रेशन कार्डाशी संबंध नाही. सूनबाईशी बोलताना सासूबाई उत्तर देतात. त्यांना दटावू नका, त्यांच्यासाठी वेगळी प्रश्नावली न्या. खरंच न्या, त्यांनी तीस वर्षं जास्त धूर खाल्लाय.

पायरी ५: तब्येत मोजणं

हे शिकवणारे लोक भरपूर आहेत, म्हणून थोडक्यात. फुफ्फुसांची फुंकचाचणी करणार असाल तर यंत्र रोज सकाळी ३ लिटरच्या सिरिंजने तपासा, आणि तीन चांगल्या फुंका मिळेपर्यंत, त्यांतल्या सर्वांत चांगल्या दोन १५० मिलिलिटरच्या आत जुळेपर्यंत नोंद करू नका. फुंक घेणाऱ्याला समोरची बाई चूलवाली की गॅसवाली हे शक्यतो माहीत नसावं. माहीत असलं की हाताळणी नकळत बदलते.

दुसऱ्या विषयांत काय चुकतं, तेही जाता जाता. फ्लोराइडसाठी पाणी प्लास्टिकच्या बाटलीत घ्या, काचेच्या नको. भारतीय मानकात लिटरमागे १ मिलिग्रॅम ही योग्य मर्यादा, आणि दुसरा स्रोत नसेल तर १.५. फवारणीचा अभ्यास करत असाल तर कोलिनएस्टरेजची (काही कीटकनाशकांमुळे मंदावणाऱ्या रक्तातल्या विकराची) पहिली रक्ततपासणी हंगामाआधी हवी, कारण माणसामाणसांत या विकराचं प्रमाण मुळातच खूप वेगळं असतं. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यात पोचले. विषबाधा झाल्यानंतर घेतलेल्या एका नमुन्यावरून त्या माणसाची पातळी किती घसरली हे सांगता येत नाही. आधीचा आकडा लागतो.

पायरी ६: आता कॉम्प्युटर उघडा

मूळ आकड्यांच्या फाइलला हात लावायचा नाही. दुरुस्ती प्रोग्रॅममधून करायची, म्हणजे काय केलं ते दिसत राहतं. एक्सेलमध्ये थेट खोडून लिहिणारा सहकारी असेल तर त्याला चहा पाजून समजावा.

मग दोन गोष्टी डोक्यात पक्क्या करा. पहिली, गरिबी. चूल जळते ते घर कुडाचं असतं, तिथे आहार कमी, दवाखाना लांब, नवऱ्याची विडी घरातच. धुराचा म्हणून जो परिणाम दिसतो, त्यातला किती भाग गरिबीचा? ही माहिती प्रश्नावलीत नसेल तर नंतर कुठलंही सॉफ्टवेअर ती पैदा करून देत नाही. दुसरी, मोजणीतली चूक. एका दिवसाच्या मोजणीवरून वर्षाचा धूर ठरवलात, तर दिवसादिवसातला चढउतार खऱ्या परिणामाला पातळ करतो. परिणाम असतो, पण आलेखात तो चपटा दिसतो. म्हणून पैसे थोडेच असतील, तर निदान काही घरांत दोन-तीन वेळा मोजा, म्हणजे तो चढउतार किती हे कळेल.

आणि एक्सपोजर ठरवताना परिणामाकडे बघू नका. भोपाळचं उदाहरण मी दर बॅचला देतो. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री वस्त्यांमध्ये मिथाइल आयसोसायनेट हा विषारी वायू किती पसरला, याची मोजणी नाही. नंतर आयसीएमआरने ८० हजारांहून अधिक बाधितांचा दीर्घकाळ मागोवा घेतला. त्यासाठी वस्त्यांचे तीव्र, मध्यम आणि सौम्य असे भाग पाडले ते पहिल्या दिवसांतल्या मृत्यूंच्या प्रमाणावरून. त्या परिस्थितीत दुसरा मार्गही नव्हता. पण त्याची किंमत अशी की कोण किती गॅसमध्ये सापडलं हे माणसागणिक सांगता येत नाही, आणि 'ज्या वस्तीत जास्त मेले तिथे जास्त बाधा' हे वाक्य स्वतःभोवतीच फिरतं.

उलट बाजूचं उदाहरण अहमदाबादचं. उष्माघात मृत्यूच्या दाखल्यावर क्वचित लिहिला जातो. म्हणून संशोधकांनी दाखल्यावरचं कारण सोडून दिलं आणि मे २०१० मधले सगळे मृत्यू मोजले, आधीच्या व नंतरच्या वर्षीच्या मे महिन्यांशी ताडून पाहिले. १३४४ मृत्यू जास्त निघाले. शहराचा उष्णता कृती आराखडा २०१३ साली आला. तापमान रोज मोजलं जातं, मृत्यूची नोंद होते. दोन साध्या वह्या नीट ठेवलेल्या होत्या, एवढंच.

पायरी ७: कुठे आणि कुणाकडे शिकाल

अहमदाबादची राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्था, भोपाळची राष्ट्रीय पर्यावरणीय आरोग्य संशोधन संस्था, नागपूरची नीरी (राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था), चेन्नईची श्रीरामचंद्र उच्च शिक्षण आणि संशोधन संस्था, पुण्याच्या केईएम रुग्णालय संशोधन केंद्राचं वढू गावातलं काम, लोकसंख्येचं शास्त्र शिकायचं तर मुंबईची आयआयपीएस (आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था). आयसीएमआर किंवा सीएसआयआरची (वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेची) जेआरएफ, म्हणजे कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती, मिळाली तर गुरू निवडायला थोडी मोकळीक राहते. पर्यावरणीय साथरोगशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय सोसायटीत विद्यार्थी आणि नव्या संशोधकांचा स्वतंत्र गट आहे. त्यात नाव नोंदवा, तिथली मंडळी प्रश्नांना उत्तरं देतात.

मुलाखतीला गेलात की तुम्हीही एक प्रश्न विचारा: "इथे चकत्या कोण तोलतं?" उत्तरात माणसाचं नाव आलं तर तिथे शिकायला मिळेल. "बाहेरून करून घेतो" असं आलं तर विचार करा. आणि गुरू एकच नको. उपकरणं कळणारा एक, आजार कळणारा एक, आकडे कळणारा एक. तिघे एकाच माणसात असल्याचा दावा करणारे भेटतात. त्यांच्याकडे फार दिवस राहू नका.

पायरी ८: आकडा घरी परत न्या

हे काम प्रकल्पाच्या शेवटी येतं, तेव्हा पैसे संपलेले असतात. म्हणून पहिल्याच दिवशी त्यासाठी रक्कम बाजूला काढा. आम्ही प्रत्येक घराला एक पान देतो: चार पट्ट्या, त्यांच्या घराचा धूर कुठल्या पट्टीत, आणि खाली दोन ओळी. बाई पान बघते आणि विचारते, "मग मी काय करू?" यावर 'गॅस वापरा' हे उत्तर तयार ठेवून जाऊ नका. सिलिंडर कोपऱ्यात उभाच असतो, भरायला पैसे नसतात. त्या घरात बदलता येईल अशी एक गोष्ट शोधून न्या.

गेल्या खेपेला एका घरी आम्ही सुचवलं होतं की पाण्याची चूल तरी बाहेर काढा. या खेपेला गेलो तर ती परसात गेली होती, वर पत्रा टाकून. बाईंनी स्वतःच पंप मागून घेतला, कमी झालं का बघू म्हणाल्या. त्या दोन चकत्या अजून तोलायच्या आहेत. पाऊस लागलाय, तराजूच्या खोलीतली आर्द्रता ५० च्या खाली येत नाही.